नागोजीअण्णांची जागा

नागोजीअण्णा गेले हे मला बंगलोरच्या चिक्कपेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानात कळलं. पुंडलीकराव शिंपी आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघाच्या जर्सी शिवायचे, तेव्हापासूनची ओळख. नव्या शर्टाचं माप द्यायला मी हात वर करून उभा होतो. माझ्या छातीभोवती टेप गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "परवा मल्लेश्वरमला जाऊन आलो. नागोजीरावांच्या अक्का अगदी एकट्या पडल्या हो. तुम्ही जाऊन आला असालच म्हणा." मी विचारलं, "एकट्या का? अण्णा कुठे गेलेत?" पुंडलीकरावांचे हात थांबले. टेप माझ्या छातीभोवती तसाच राहिला. "म्हणजे... तुम्हाला कुणी कळवलंच नाही?"

कुणी कळवलं नव्हतं. आईच्या आजारपणामुळे मी आदल्या दिवसापर्यंत गावी होतो, खानापूरच्या पुढे, आणि तिथला पत्ता बंगलोरात कुणापाशीच नव्हता. एका सकाळी आंघोळ करून अण्णा बाहेर आले, अंगणातल्या खुर्चीत बसले आणि बसल्या जागीच गेले. देवनहळ्ळीहून भाऊबंद आले, सगळं रीतीप्रमाणे झालं. कारखान्यातून कोण कोण गेलं होतं, असं मी पुंडलीकरावांना विचारलं. ते टेप गुंडाळत राहिले. "दोघंतिघं आले होते, प्रेस शॉपमधले," एवढंच म्हणाले. माप अर्धवटच राहिलं. मी दुकानातून बाहेर पडलो आणि त्या पेठेच्या गर्दीत कितीतरी वेळ नुसता चालत राहिलो... एके काळी याच शहरात अण्णांच्या पायात बॉल आला की मैदानाच्या चारी बाजूंनी त्यांच्या नावाची आरोळी उठायची. आता त्यांचं नाव ओळखील असा एकही चेहरा मला त्या गर्दीत दिसत नव्हता.

मी बंगलोरला आलो तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्याला वर्ष-दोन वर्षं झाली असतील. शाळेत असताना बेळगाव कॅम्पच्या मैदानावर मी पलटणीतल्या जवानांबरोबर फुटबॉल खेळायचो. तिथल्या एका स्पर्धेसाठी बंगलोरच्या एका मोठ्या कारखान्याचा संघ आला होता. त्यांचे क्रीडाधिकारी मुदलियारसाहेब सामना संपल्यावर माझ्यापाशी आले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "नोकरी पाहिजे? खेळायचं, आणि शिकाऊ म्हणून कामाला लागायचं." वडील नुकतेच वारले होते. नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. एक पत्र्याची ट्रंक घेऊन मी रात्रभर गाडीत बसून इथे उतरलो. हलसूरमध्ये कारखान्याच्या चौघा कामगारांबरोबर एका खोलीत राहू लागलो. चौघंही तमिळ बोलणारे. चांगली माणसं होती, जेवताना मला आग्रह करायची, पण आग्रहापलीकडे आमचं बोलणं जात नसे. माझी कन्नड मोडकीतोडकी, गावाकडच्या वळणाची. इथल्या माणसांना ती ऐकून हसू यायचं. हळूहळू मी बोलणंच सोडून दिलं. कधी कधी आठवड्यात एकही मराठी शब्द माझ्या तोंडून निघत नसे.

पहिल्याच आठवड्यात मुदलियारसाहेबांनी मला मैदानावर नेलं आणि घोट्याला पट्टी गुंडाळत बसलेल्या एका माणसासमोर उभं केलं. ठेंगणा, पायांनी किंचित फेंगडा, कपाळाला हातरुमाल बांधलेला. "नागोजी," साहेब म्हणाले, "हा तुझी जागा शिकेल. तू शिकव." त्यांची जागा म्हणजे सेंटर हाफची. फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो: संघाच्या ऐन मध्यावर उभा राहणारा हा खेळाडू. मागून आलेला बॉल त्याच्याकडे येतो आणि पुढे कुणाला, कधी, कुठून द्यायचा हे तो ठरवतो. गोल दुसरेच करतात, नाव त्यांचं होतं. पण खेळ मांडतो तो हा. आमच्या कारखान्याच्या संघात कित्येक वर्षं ही जागा नागोजीरावांची होती. आणि आता साहेब त्यांच्या तोंडावर सांगत होते की, ही जागा या नवख्याला दे.

नागोजीरावांनी पट्टीची गाठ मारली, वर बघितलं आणि "सरी" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. साहेब गेले. मग मला म्हणाले, "कुठला रे तू? बेळगावकडला ना? मराठी येते म्हण की!"

त्यांची मराठी शिवकाळात इकडे येऊन राहिलेल्या घराण्यांची, निम्मीअधिक कन्नडात भिजलेली. पण ती मराठी होती... मी नुसती मान हलवली. "अय्यो, मुका आहे काय हा!" ते हसले. "मुका सेंटर हाफ मी काय करू, बा?"

ते हसण्यावारी बोलले होते, पण खरी अडचण तीच निघाली. माझे पाय चांगले होते, दमसास चांगला होता. पण मी मैदानात तोंड उघडत नसे. आमच्या संघात तमिळ, कन्नड, उर्दू, इंग्रजी बोलणारे खेळाडू होते आणि सेंटर हाफला सगळ्यांना हाका घालाव्या लागत. नागोजीराव खेळायला लागले की त्यांचा आवाज अखंड चालू असायचा. विंगरला तमिळमध्ये पुढे काढायचे, गोलकीपरला उर्दूत दम द्यायचे, आणि कुणी चुकलं की कन्नडमध्ये असं काही बोलायचे की चुकणाराही हसायचा. मी मात्र बॉल आला की घाबराघुबरा होत कुणाला तरी देऊन मोकळा व्हायचो. पंधरवडाभर त्यांनी ते पाहिलं आणि एका शनिवारी म्हणाले, "उद्या सकाळी मल्लेश्वरमला माझ्या घरी ये. बूट आणू नको. पिशवी आण."

मल्लेश्वरमच्या मागच्या अंगाला, दगडी पायऱ्यांचं छोटं कौलारू घर. तिथे ते आणि त्यांची थोरली बहीण, अशी दोघंच राहत. बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली. यांनी पुन्हा लग्न केलं नाही. सगळं जग त्यांच्या बहिणीला अक्का म्हणायचं, मीही म्हणू लागलो; आणि त्याच दिवसापासून नागोजीराव माझे अण्णा झाले. अक्कांनी मला रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, खाऊ घातले. ते गिळायचं कसं हे मला कळेना, तेव्हा "चावू नको रे शंकरा, नुसतं सोड घशात," म्हणून त्या हसल्या. मग अण्णा मला बाजारात घेऊन गेले.

"भाजी तू घ्यायचीस," ते म्हणाले. "कन्नडमध्ये. मी बोलणार नाही."

अवरेकाईचे दिवस होते. त्या शेंगांचे ढीग लागले होते आणि सगळ्या बाजाराला त्यांचा वास येत होता. मी एका बाईसमोर उकिडवा बसून भाव विचारला. तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारला. "जोरात!" अण्णा मागून म्हणाले. "तिच्या पलीकडे बसलीय तिलाही कळलं पाहिजे, हा कोणीतरी आलाय म्हणून." मी ओरडलो. अख्खी रांग माझ्याकडे बघायला लागली. माझी कन्नड ऐकून ती बाई पदर तोंडाला लावून हसली, शेजारणीला काहीतरी म्हणाली, आणि मग मूठभर शेंगा जास्तीच्या घालून तिने पिशवी भरली. माझे कान तापले होते. अण्णा आकाशाकडे बघत उभे होते. परतताना म्हणाले, "हसली ना? हसू दे. उद्या मैदानात चुकीची हाक घालशील, तेव्हाही हसतील. पण हाक तर गेली!"

असे किती रविवार गेले... मी त्या बाजारात कन्नड शिकलो, आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये तमिळ. अण्णा मैदानावर मला आपल्या पाठीशी उभं करायचे आणि खेळता खेळताच विचारायचे, "डावा विंगर कुठाय? बघू नको, सांग!" मी चुकायचो. "डोळे पुढेच असतात रे माणसाला," ते म्हणायचे, "मागचं मैदान कानानं बघायचं. बुटांचा आवाज ऐक. कोण पळतोय, कोण दमलाय, सगळं ऐकू येतं." बुटांवरून आठवलं. अण्णा मूळचे अनवाणी खेळणारे. बुटांची सक्ती झाली तेव्हा त्यांची उमेद गेली होती असं नाही, पण निम्मी कारकीर्द संपली होती. सराव संपला की ते बूट काढून फेकायचे आणि नुसत्या पायांनी बॉल घोळवत राहायचे. एकदा म्हणाले, "बूट घातला की बॉल लांब गेल्यासारखा वाटतो मला. ओळखीच्या माणसाशी कुणीतरी मध्ये उभं राहून बोलतंय असं." त्यांचं लहानपण देवनहळ्ळीच्या किल्ल्यात गेलं. तिथला चकोता, म्हणजे आपलं पपनस, प्रसिद्ध. गळून पडलेली पपनसं हाच त्यांचा पहिला फुटबॉल. फळ फुटू न देता किल्ल्याच्या या बुरुजापासून त्या बुरुजापर्यंत न्यायचं. फुटलं तर बाकीच्या पोरांनी हसायचं. त्यांच्या पायाची ती मऊ नजाकत पुढे मी दुसऱ्या कुणाच्याही पायात पाहिली नाही.

आणि एक दिवस ते झालं. लीगमधला महत्त्वाचा सामना होता. सामन्याआधी मुदलियारसाहेब कपडे बदलायच्या खोलीत येऊन नावं वाचायचे. अण्णा नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसून घोट्याला पट्टी गुंडाळत होते. साहेबांनी गोलकीपरपासून सुरुवात केली, आणि सेंटर हाफला माझं नाव घेतलं.   अण्णांनी निम्मी गुंडाळलेली ती पट्टी सावकाश सोडवली, नीट गुंडाळी करून खिशात घातली आणि पायांत बूट घातले. त्या काळी बदली खेळाडू उतरवत नसत. एकदा नाव गेलं की गेलं. तरी ते पूर्ण पोशाखात बाकावर बसून राहिले, सामना संपेपर्यंत. आम्ही जिंकलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं नाही, पण माझं नाव विचारून घेतलं. बाहेर पडताना अण्णा माझ्याजवळून गेले. म्हणाले, "उत्तरार्धात डावीकडे बघितलंच नाहीस तू," आणि पुढे निघून गेले.

खेळणाऱ्यांना कारखान्यात दुपारनंतर सवलत असायची. संघातून गेलं की ती सवलतही जायची. अण्णांना पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये पूर्ण पाळीला लावलं गेलं. त्या रविवारी मी सवयीने पिशवी घेऊन मल्लेश्वरमला गेलो. अक्का दारात होत्या. त्यांनी मला आत घेतलं. अण्णा खिडकीशी बसले होते. मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

"शंकर," ते म्हणाले. एरवी ते मला नावाने कधी हाक मारत नसत, "ए बेळगाव" म्हणायचे. "मला राग आलाय. तुझ्यावर नाही. तू काय केलंस? मीच शिकवलं, मलाच सांगितलं होतं शिकव म्हणून. पण तू समोर आलास की तो येतो. त्याला मी काय करू? थोडे दिवस येऊ नको."

अक्का म्हणाल्या, "असं बोलतात काय रे पोराशी!"

"खोटं बोलू काय मग?" अण्णा म्हणाले.  मी रिकामी पिशवी घेऊन परत आलो.

माणसं अशा वेळी तोंडदेखलं हसतात, पाठीवर थाप मारतात. अण्णांनी तसं केलं नाही, याबद्दल आज मला त्यांचा आदर वाटतो. तेव्हा मात्र फार एकटं वाटलं. मला हवी असलेली जागा मिळाली होती आणि शहरातलं एकमेव घर गेलं होतं. रविवारी मी खोलीवर पडून राहायचो, नाहीतर बागेतल्या मोठ्या झाडांखाली बसून लोकांची मुलं खेळताना बघायचो. मैदानावर माझा आवाज आता भरपूर निघत होता. मैदान सुटलं की परत तीच शांतता.

पहिला सीझन बरा गेला. दुसऱ्यात मात्र माझं काहीतरी बिघडलं. समोरच्या संघांनी मला ओळखलं होतं. बॉल माझ्याकडे आला की कुणीतरी अंगावर धावून यायचं, आणि त्याचा धक्का लागण्याच्या आधीच मी बॉल देऊन टाकायचो. कुणाला देणार हे त्यांना आधीच कळायचं. तिथे त्यांचा माणूस उभा असायचा. सामने हातचे गेले. लोक आधी हळहळले, मग हुर्यो करू लागले. एकदा गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "नागोजीला बोलवा!" ती आरोळी मग पसरत गेली. मुदलियारसाहेब मला काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या एका खेळाडूला माझ्या जागी उभं करून बघू लागले. खेळ गेला तर नोकरी टिकेल की नाही याची मला खात्री नव्हती. मी अजून शिकाऊच होतो आणि गावी आई होती.

अशात एका सकाळी खोलीचं दार वाजलं. बाहेर अण्णा उभे होते, अनवाणी, काखेत बॉल. "चल," म्हणाले. वर्ष-सव्वा वर्षात आम्ही एकमेकांशी शब्द बोललो नव्हतो.

त्यांच्या घराजवळच्या मोकळ्या मैदानावर आम्ही गेलो. धुकं अजून उतरलं नव्हतं. बॉल खाली ठेवून, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एक गोष्ट मी तुला शिकवली नव्हती. राखून ठेवली होती."

"कोणती?"

त्यांनी डावा कान माझ्याकडे वळवला. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. प्रेस शॉपचा आवाज त्यांच्या कानांत शिरू लागला होता, हे मला त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं.

"थांबायची," ते म्हणाले. "मार बसणार हे दिसत असताना बॉल पायाशी ठेवून थांबायची. सगळं तुला देऊन टाकलं होतं, बा. तेवढं माझ्यापाशी राहू दे असं वाटलं. सुम्मनेच, उगीच. आता राखून तरी काय करू मी? लोक ओरडतात ते कानावर आलं माझ्या. मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं."



"आता ये माझ्या अंगावर," ते म्हणाले. "खरा ये. खोटा आलास तर उपयोग नाही."

मी धावत गेलो. ते बॉलवर पाय ठेवून उभे होते. मी अगदी जवळ पोचलो, तरी उभे. माझा खांदा त्यांच्या छातीला लागायच्या निमिषभर आधी बॉल त्यांच्या पायातून निसटून माझ्या मागे, मी सोडून आलेल्या मोकळ्या जागेत गेला. आम्ही दोघंही आडवे झालो. "बघितलंस?" ते पडल्या पडल्या म्हणाले. "तू आलास म्हणून ती जागा रिकामी झाली. तू यायच्या आधी ती नव्हतीच. जागा आधीपासून नसते रे! समोरच्याला आपल्याकडे येऊ द्यावं लागतं, तेव्हा होते ती. आणि त्याला येऊ द्यायचं म्हणजे त्याचा धक्का सोसायचा. फुकट नाही मिळत. पुन्हा ये."

मी पुन्हा गेलो. पुन्हा आम्ही पडलो. मग त्यांनी मला बॉल दिला आणि ते माझ्या अंगावर धावून आले. चाळिशीला टेकलेला माणूस, पाळी करून थकलेला. पण येताना मनात कुठलीच दयामाया ठेवून येत नव्हता. पहिल्यांदा मी लवकर पास दिला. "पळपुट्या!" ते ओरडले. नंतर उशीर केला, तर त्यांनी बॉल काढूनच घेतला. ऊन चढलं, धुकं गेलं, रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघू लागली. शेवटी एकदा ते आले, मी थांबलो, श्वास रोखला... आणि बॉल बरोबर गेला. आम्ही एकमेकांवर आदळलो. अण्णा मातीत बसले, कोपरातून रक्त येत होतं आणि ते लहान पोरासारखे हसत होते. "सरी," म्हणाले, "आता काहीच उरलं नाही माझ्याकडे."

घरी गेल्यावर अक्कांनी दोघांकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो देवा! वर्षभर बोलला नाही, आणि आज बोललास तो असा? स्वल्प तरी अक्कल आहे का रे तुला?" कुणाला उद्देशून ते कळलं नाही. दोघांनाही असावं. त्यांनी हळद लावली आणि तोंडाने बोलणं चालूच ठेवलं. पण पाठमोऱ्या झाल्या तेव्हा पदराने डोळे पुसताना मी त्यांना पाहिलं.

पुढच्या सामन्यात मी थांबलो. पहिल्यांदा धावून आलेल्याने मला बरगडीत असं ठोसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण आमचा विंगर मोकळ्या मैदानात एकटा धावत होता आणि बॉल त्याच्या पायात होता. त्या दिवशी गॅलरीतून कुणी नागोजीचं नाव घेतलं नाही. ते ऐकू न आल्याने मला हायसं वाटलं, आणि लगेच फार वाईटही वाटलं. अण्णा आले नव्हते. संघातून गेल्यापासून त्यांनी एकही सामना पाहिला नाही, शेवटपर्यंत. संध्याकाळी मी सांगायला मल्लेश्वरमला गेलो. किती गोलांनी जिंकलो हे त्यांनी विचारलं नाही.

"मार लागला?"

"लागला."

"सरी," ते म्हणाले, आणि अक्कांना माझं पान मांडायला सांगितलं.

त्यानंतर बरीच वर्षं मी ती जागा सांभाळली. माझी नोकरी कायम झाली, कारखान्याच्या वसाहतीत मला घर मिळालं. लग्नाचं मात्र राहूनच गेलं. आईने दाखवलेल्या मुलींना इतक्या लांब, कानडी मुलुखात यायचं नव्हतं. मग माझा गुडघा दुखावला आणि दोन-तीन सीझन मागेपुढे करत तो कायमचा दुखरा झाला. माझ्या जागी दुसरा आला. त्याला मी शिकवलं, जे येत होतं ते सगळं शिकवलं. ज्या दिवशी त्याचं नाव वाचलं गेलं आणि माझं नाही, त्या दिवशी मैदानातून निघून मी थेट मल्लेश्वरमची बस धरली. अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी पायरीवर बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "आला काय राग?"

"आला," मी म्हणालो.

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला.

"आला!" मी ओरडलो. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

अण्णा खदखदा हसले. "बघ, तुला मोठ्यानं बोलायला शिकवलं होतं ते कामी आलं माझ्याच!"

तोवर त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. प्रेस शॉपची ती धडधड दिवसभर सोसून बरेचजण असे होत. अण्णांची गोष्ट वेगळी अशासाठी की हा माणूस आयुष्यभर कानाने मैदान बघत आलेला. आता रस्त्यात मागून सायकलची घंटी वाजली तरी त्यांना कळत नसे. अक्का त्यांना एकट्याने संपिगे रोडपर्यंतही जाऊ द्यायला घाबरायच्या. लोक बोलायचे थांबले, कारण ओरडून किती बोलणार? मी मात्र दर रविवारी जात असे. फार बोलायचो नाही. ते अंगणात खुर्चीवर, मी पायरीवर, आत अक्कांचं काहीतरी निवडणं-टिपणं चाललेलं. कधी ते मधूनच म्हणायचे, "आत्ता सराव सुरू झाला असेल," आणि मी मान हलवायचो. आम्हा दोघांनाही तिथे जायचं नव्हतं आणि दोघंही मनाने तिथेच असायचो. इतकी सोबत आणि इतका एकटेपणा मी एकाच ठिकाणी दुसरीकडे कुठे अनुभवला नाही.

आईच्या आजाराची तार आली, म्हणून गावी निघताना भेटायला गेलो, ती शेवटची भेट. बस थांब्यापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. बस आली तेव्हा मला म्हणाले, "आईजवळ राहा. घाई करू नको. मी कुठे जातोय?" बस सुटल्यावर मी वळून बघितलं. ते परत निघालेले नव्हते. बस कुठल्या बाजूला गेली हे न कळल्यासारखे तिथेच उभे होते, इकडेतिकडे बघत.

पुंडलीकरावांच्या दुकानातून निघालो त्याच संध्याकाळी मी मल्लेश्वरमला गेलो. दिवे लागायची वेळ होती. अक्कांनी दार उघडलं, मला बघितलं आणि नुसतंच "आलास?" म्हणाल्या. आई कशी आहे ते विचारलं. आई गेली, असं मी सांगितलं. त्या खाली बसल्या. मीही बसलो. 

थोड्या वेळाने मागच्या न्हाणीघरातून धूर येतोय असं मला वाटलं. मी उठून बघितलं, तर चुलीवर तांब्याचा हंडा होता आणि पाणी कढत होतं. "त्याच्या पायांसाठी," अक्का मागून म्हणाल्या. "मैदानावरून यायचा तेव्हापासून रोज या वेळी ठेवते. मग खेळ सुटला, पाळी लागली, तरी पाय दुखायचेच. आता कशाला ठेवायचं? पण या वेळेला हात आपोआप काटक्या लावतात... आणि मग ओतून देते."

त्यांनी घमेलं पुढे ओढलं, हंड्यातलं पाणी घातलं, त्यात गार पाणी मिसळलं, मूठभर मीठ टाकलं. "तू घाल पाय. तुझा गुडघा दुखतोय ना? सुम्मने वाया जातं रोज."

मी पँट वर करून पाय पाण्यात सोडले. अक्का उंबऱ्यावर बसल्या. "फार कढत नाही ना?" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की मी दचकलो. मग त्यांच्याच ते लक्षात आलं. "ओरडायची सवय लागलीय बघ," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"नाही अक्का," मी म्हणालो, "बरं आहे."

पाणी निवेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो.